सावित्रीबाईंच्या पोस्टमध्ये उल्लेख होणाऱ्या ‘मिस फरार’ कोण होत्या? परक्या देशात ३४ वर्षं काढलेल्या मिशनरी शिक्षिकेची गोष्ट

दरवर्षी ३ जानेवारीला सावित्रीबाई फुलेंच्या जयंतीच्या पोस्ट सगळीकडे फिरतात. त्यातल्या बऱ्याच पोस्टमध्ये एक ओळ हमखास असते. सावित्रीबाईंनी नगरला मिस फरार यांच्याकडे अध्यापनाचं प्रशिक्षण घेतलं. आपण ती ओळ वाचतो, लाइक करतो आणि पुढे सरकतो.

पण या मिस फरार होत्या कोण? अमेरिकेतली एक अविवाहित बाई दोनशे वर्षांपूर्वी मुंबईत आणि नंतर नगरला कशासाठी आली? ती मुलींना शिकवायला आली होती की धर्म बदलायला? आणि तिच्या कामाचं श्रेय आपण नेमकं किती द्यायचं?

एकेक गोष्ट बघूया.

आधी ओळख करून घेऊ

पूर्ण नाव सिंथिया फरार. जन्म १७९५ सालचा, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यातला. भारतात येण्याआधी त्या तिकडे शिक्षिका होत्या. १८२७ साली, वयाच्या ३२ व्या वर्षी, ‘अमेरिकन बोर्ड’ या संस्थेने त्यांची मुंबईसाठी नेमणूक केली. १८१० साली स्थापन झालेली ही संस्था वेगवेगळ्या देशांत मिशनरी पाठवायची. तिच्या आपल्याकडच्या शाखेला ‘अमेरिकन मराठी मिशन’ म्हणायचे.

काही पोस्टमध्ये त्यांना ‘मिसेस फरार’ लिहिलेलं असतं. ते चूक आहे. त्यांनी लग्न केलं नाही आणि त्यांच्या गोष्टीत हा मुद्दा महत्त्वाचा आहे. कारण अविवाहित बाईला एकटीने मिशनरी म्हणून समुद्रापार पाठवणं ही तेव्हा अगदी दुर्मीळ गोष्ट होती.

‘परदेशी गेलेल्या पहिल्या अविवाहित अमेरिकन मिशनरी’ असंही त्यांच्याबद्दल लिहिलं जातं. इथे थोडं जपून बोलायला हवं. पूर्वी गुलामगिरीत असलेल्या बेट्सी स्टॉकटन या कृष्णवर्णीय शिक्षिका १८२३ सालीच हवाई बेटांवर पोहोचल्या होत्या आणि त्यांनी तिथे शाळाही चालवली होती. त्यामुळे ‘पहिल्या काही जणींपैकी एक’ हे जास्त बरोबर आहे.

मुंबईला बाईच का हवी होती?

अमेरिकन मिशनरी मुंबईत पहिल्यांदा उतरले ते फेब्रुवारी १८१३ मध्ये. गॉर्डन हॉल आणि सॅम्युअल नॉट ही त्यांची नावं. ईस्ट इंडिया कंपनीला तेव्हा मिशनरी नकोच होते. धर्माच्या भानगडीत लोक बिथरले तर व्यापाराला फटका बसेल, अशी तिला भीती होती. या दोघांनाही परत पाठवायचे आदेश निघाले होते. त्याच वर्षी ब्रिटिश संसदेने कंपनीची सनद नव्याने मंजूर केली आणि मिशनऱ्यांना परवाना घेऊन येण्याची वाट मोकळी झाली.

मुलांच्या शाळा लवकर सुरू झाल्या. मुलींची शाळा मात्र १८२४ साली निघाली. ती चालवायच्या मिशनऱ्यांच्या बायका. पण घर, बाळंतपणं, आजारपणं सांभाळून शाळा बघणं त्यांना जमेना. कोणी आजारी पडलं, कोणी दगावलं की शाळा उघडी पडायची. शेवटी मुंबईच्या मिशनने अमेरिकेला कळवलं की फक्त मुलींच्या शाळा बघेल अशी एक अविवाहित शिक्षिका पाठवा.

त्या मागणीवर फरार आल्या. जून १८२७ मध्ये त्यांचं जहाज बॉस्टनहून निघालं. कोलकात्यामार्गे मुंबई गाठेपर्यंत डिसेंबर उजाडला. सुएझ कालवा १८६९ सालचा, त्यामुळे तेव्हा आफ्रिकेला वळसा घालूनच यावं लागायचं. म्हणजे घरी पत्र पाठवलं तर ते पोहोचायला आणि उत्तर यायला मिळून जवळपास वर्ष जायचं.

पद ‘मदतनीसा’चं, काम मात्र पूर्ण

अमेरिकन बोर्डाच्या कागदांवर बाईला पूर्ण मिशनरी म्हणत नसत. ‘सहायक मिशनरी’ हे पद होतं, मग ती कोणाची बायको असो की अविवाहित. प्रवचन देणं, मंडळी चालवणं, निर्णय घेणं हे पुरुषांचं काम. बाईने शिकवायचं आणि घरोघरी जाऊन बायकांशी बोलायचं.

प्रत्यक्षात काम किती होतं? मुलींच्या शाळा शहरात वेगवेगळ्या ठिकाणी भरायच्या. त्या सगळ्यांवर देखरेख ठेवायची, शिकवणाऱ्यांचं काम तपासायचं, मुलींच्या घरी जाऊन आईवडिलांची समजूत काढायची, देणग्यांसाठी पत्रं लिहायची. दोन वर्षांत, म्हणजे १८२९ पर्यंत, मिशनच्या मुंबईतल्या मुलींच्या शाळांचा पट ४०० च्या पुढे गेला होता.

हे सगळं मराठीतून चालायचं. त्यामुळे आल्या आल्या पहिलं काम म्हणजे भाषा शिकणं. मोल्सवर्थचा प्रसिद्ध मराठी-इंग्रजी कोश आला १८३१ साली, म्हणजे फरार येऊन तीन-साडेतीन वर्षं झाल्यावर. तोवर बोलून, ऐकून आणि पंतोजींकडे बसूनच मराठी शिकायची.

शाळेत वाचन, लेखन, हिशेब आणि शिवणकाम असायचं. त्याच्या जोडीला बायबलमधल्या गोष्टी, प्रार्थना आणि ख्रिस्ती प्रश्नोत्तरं. हा भाग लपवून ठेवलेला नव्हता. मिशनच्या दृष्टीने शाळा काढण्याचं मूळ कारणच ते होतं.

सगळ्यात मोठी अडचण: शिकवणार कोण?

मुलींच्या शाळांना विरोध झाला, हे आपण नेहमी ऐकतो. मुलगी शिकली तर विधवा होईल, अशा समजुती होत्या. दहा-बारा वर्षांच्या आत लग्नं व्हायची आणि शाळा सुटायची. हे सगळं खरंच आहे.

पण शाळा चालवणाऱ्यापुढे आणखी एक रोजची अडचण होती. लिहिता-वाचता येणाऱ्या बायकाच नव्हत्या. त्यामुळे मुलींच्या शाळेत शिकवायला पुरुष पंतोजी ठेवावे लागायचे. पुरुष शिकवतोय म्हणून पालक मुलींना पाठवायला कचरायचे. मुली शिकत नसल्यामुळे शिक्षिका तयार होत नव्हत्या. शिक्षिका नसल्यामुळे मुली येत नव्हत्या.

हे चक्र परदेशातून आलेली एक बाई तोडू शकत नव्हती. ती फार तर चार-सहा शाळा बघेल, आणि आजारी पडली की त्याही थांबतील. त्यावर खरा उपाय एकच होता, तो म्हणजे इथल्याच बायकांना शिक्षिका म्हणून तयार करणं. फरार यांचं नाव आपल्यापर्यंत पोहोचलं ते याच कारणाने.

जीव वाचला तर नोकरी

परदेशात शिकवायला जाणं म्हटलं की आज आपल्या डोळ्यांपुढे व्हिसा, पगार आणि एअरपोर्टवरचे फोटो येतात. तेव्हा पहिला प्रश्न असायचा जगण्याचा.

सॅम्युअल न्यूवेल हे मिशनरी १८२१ साली मुंबईत कॉलऱ्याने गेले. गॉर्डन हॉल १८२६ साली नाशिकजवळ कॉलऱ्यानेच गेले. डिसेंबर १८३१ मध्ये नगरला मिशनचं काम सुरू झालं आणि तिथे गेलेल्या पहिल्या तुकडीतले विल्यम हर्वे वर्षभराच्या आत दगावले. कारण पुन्हा कॉलरा. स्कॉटिश मिशनच्या मार्गारेट विल्सन १८२९ साली मुंबईत आल्या आणि त्यांनी मुलींच्या शाळा काढल्या. १८३५ साली त्यांचंही निधन झालं. त्यांचा जन्म फरार यांच्याच सालचा, १७९५ चा.

फरार यांचीही तब्येत ढासळली. १८३७ साली त्या अमेरिकेला परतल्या. बहुतेक जण एकदा परत गेले की पुन्हा येत नसत. त्या मात्र १८३९ साली परत आल्या आणि या वेळी त्यांची नेमणूक अहमदनगरला झाली. म्हणजे आताच्या अहिल्यानगरला.

मुंबई ते नगर हा प्रवास तेव्हा कसा असेल, याचा अंदाज आपल्या कर्जत लाइनवरून घेता येतो. कल्याणपर्यंत रेल्वे आली १८५४ साली. तीच लाइन पुढे अंबरनाथ, बदलापूरवरून घाटाच्या पायथ्यापर्यंत गेली, पण बोरघाट चढून रेल्वे पलीकडे गेली ती १८६३ साली. आणि नगरला रेल्वे पोहोचली १८७८ साली. फरार यांचं निधन झालं जानेवारी १८६२ मध्ये, नगरलाच. म्हणजे बदलापूरकर आज सकाळी ज्या रुळांवरून ऑफिसला जातात, त्या रुळांवरून घाट ओलांडणं त्यांना कधी मिळालंच नाही. त्यांच्यासाठी पर्याय होता तो होडीने खाडी पार करून पुढे १८३० साली गाड्यांसाठी खुला झालेल्या घाटरस्त्याने जाण्याचा.

फुले नगरला आले तेव्हा

जोतीराव फुले यांचं इंग्रजी शिक्षण पुण्यातल्या स्कॉटिश मिशनच्या शाळेत झालं. त्यांचे मित्र सदाशिव बल्लाळ गोवंडे नोकरीनिमित्त नगरला होते. त्यांच्यासोबत फुल्यांनी नगरमधल्या फरार यांच्या मुलींच्या शाळा पाहिल्या. त्या पाहून आपल्याकडच्या बायका शिकलेल्या नाहीत याचं त्यांना फार वाईट वाटलं आणि पुण्याला परतल्यावर त्यांनी मुलींची शाळा काढली. साल १८४८, जागा बुधवार पेठेतला भिडे वाडा.

ही ऐकीव गोष्ट नाही. ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात सप्टेंबर १८५३ मध्ये फुल्यांची मुलाखत छापून आली. नगरच्या शाळा बघितल्याचा उल्लेख त्या मुलाखतीत आहे.

सावित्रीबाईंनी नगरला फरार यांच्याकडे आणि पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचे धडे घेतले, असं त्यांच्या चरित्रांमध्ये नोंदवलेलं आहे. वर जे चक्र आपण पाहिलं, ते इथे तुटलं. मराठी बोलणारी, याच समाजात वाढलेली बाई वर्गात उभी राहिली. तिच्यावर शेण-दगड फेकले गेले, ते तुम्हाला माहीत आहेच. परदेशी बाईंच्या वाट्याला आला नसेल असा विरोध सावित्रीबाईंच्या वाट्याला आला. परकी बाई शिकवते तेव्हा लोक ‘ते त्यांचं चालू द्या’ म्हणू शकतात. घरचीच बाई शिकवायला लागली की तसं म्हणता येत नाही.

मग हेतू धर्मांतराचा होता की नव्हता?

होता. याचं उत्तर गोलमोल द्यायची गरज नाही. मिशनच्या शाळा धर्मप्रसारासाठीच निघाल्या होत्या आणि पालकांना वाटणारी भीती पोकळ नव्हती.

१८३९ साली मुंबईत जॉन विल्सन यांच्या शाळेतल्या पारशी विद्यार्थ्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. प्रकरण कोर्टात गेलं आणि पालकांनी बहुतेक मुलं शाळेतून काढून घेतली. १८४३ साली नारायण शेषाद्री ख्रिस्ती झाले. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याला पुन्हा जातीत घेण्यावरून मोठा वाद पेटला. त्याच्या बाजूने उभे राहिले ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकर.

दुसरी बाजूही बघायला हवी. नगर भागात मिशनच्या शाळांमध्ये ज्यांना इतर कुठे प्रवेशच नव्हता अशा महार-मांग समाजातली मुलं बसली. त्यांच्यासाठी ‘धर्म वाचवायचा की अक्षरओळख घ्यायची’ हा प्रश्न वेगळाच होता, कारण इतरांनी त्यांच्यासाठी शाळा काढलेलीच नव्हती.

आणि गंमत म्हणजे शाळांवर तिसऱ्या बाजूनेही टीका झाली, ती खुद्द अमेरिकेतून. बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन १८५४-५५ मध्ये भारताच्या दौऱ्यावर आले. शाळांवर एवढा खर्च होतो, त्या मानाने ख्रिस्ती किती जण झाले, असा त्यांचा सवाल होता. त्यानंतर मिशनच्या इंग्रजी शाळा बंद करून भर स्थानिक मंडळ्यांवर देण्याचं धोरण आलं. म्हणजे इथल्या लोकांना वाटत होतं की शाळा फार धर्म शिकवतात आणि वरिष्ठांना वाटत होतं की पुरेसा शिकवत नाहीत. मध्ये उभी असायची ती वर्गातली शिक्षिका.

फुल्यांनी मिशनऱ्यांकडून काय घेतलं आणि काय घेतलं नाही, हेही लक्षात घ्या. त्यांचे अनेक मिशनरी मित्र होते. शाळेची कल्पना त्यांनी घेतली. धर्म घेतला नाही. १८७३ साली त्यांनी स्वतःचा सत्यशोधक समाज स्थापन केला.

मिशनच्या कागदावर एका मुलीचा आवाज

‘ज्ञानोदय’ची गोष्ट राहिलीच. हे नियतकालिक अमेरिकन मराठी मिशनने १८४२ साली नगरहून सुरू केलं. १८५५ साली त्यात एक निबंध दोन भागांत छापून आला. लिहिणारी होती मुक्ता साळवे, फुल्यांच्या शाळेत शिकणारी मांग समाजातली साधारण १४ वर्षांची मुलगी. आपल्या आणि महारांच्या दुःखाबद्दल तिने लिहिलं होतं. ज्यांना वेद वाचायचाही अधिकार नाही त्यांचा धर्म कुठला, असा थेट प्रश्न तिने विचारला होता.

नगरच्या शाळा बघून फुल्यांनी पुण्यात शाळा काढली. त्या शाळेत मुक्ता शिकली. तिचा निबंध छापला नगरच्या मिशनने सुरू केलेल्या ज्ञानोदयने. सात वर्षांत वर्तुळ इथपर्यंत आलं होतं.

उलटा प्रवास: पंडिता रमाबाई इंग्लंडमध्ये

परदेशातल्या शाळेत शिकवणारी ख्रिस्ती शिक्षिका म्हटलं की गोरी बाईच डोळ्यांपुढे येते. पण साठेक वर्षांनी उलटंही घडलं. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडला गेल्या, तिथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि पुढे चेल्टनहॅम लेडीज कॉलेजमध्ये शिकता शिकता संस्कृत शिकवलं.

तिथे त्यांना काय अनुभव आला? पुरुष विद्यार्थ्यांना शिकवण्याचा प्रश्न निघाला तेव्हा चर्चच्या वरिष्ठांनी हरकत घेतली. भारतात परत गेल्यावर लोक काय म्हणतील, असं कारण पुढे आलं. रमाबाईंनी आपल्या पत्रांमधून त्याला ठणकावून उत्तर दिलं. फरार ‘सहायक’ होत्या, रमाबाईंना ‘पुरुषांना शिकवू नका’ सांगितलं गेलं. देश बदलला, धर्म तोच, आणि बाईने किती काम करायचं हे ठरवणारे दोन्हीकडे पुरुषच.

आज असं कोणी येऊ शकतं का?

येऊ शकतं, पण नियम कडक आहेत. भारताच्या व्हिसा प्रकारांमध्ये मिशनरी व्हिसा हा स्वतंत्र प्रकार आहे. टुरिस्ट व्हिसावर येऊन धर्मप्रचार करता येत नाही. परदेशी देणग्यांवर एफसीआरए कायद्याचं नियंत्रण आहे.

शाळांबाबत राज्यघटनेची दोन कलमं माहीत असू द्या. कलम ३० नुसार अल्पसंख्याकांना आपल्या शिक्षणसंस्था काढण्याचा आणि चालवण्याचा अधिकार आहे. कलम २८ नुसार सरकारमान्य किंवा सरकारी मदत घेणाऱ्या शाळेत कोणालाही त्याच्या संमतीशिवाय धार्मिक शिक्षण घ्यायला किंवा प्रार्थनेला बसायला भाग पाडता येत नाही. विद्यार्थी अज्ञान असेल तर पालकांची संमती लागते. १८३९ साली पालकांना जे संरक्षण नव्हतं, ते आज लेखी आहे.

आणि हो, उल्हासनगर-अंबरनाथ-बदलापूर पट्ट्यात आपण इंग्रजी माध्यमाच्या कुठल्याही शाळेला सर्रास ‘कॉन्व्हेंट’ म्हणतो. कॉन्व्हेंट म्हणजे मुळात नन्सचा मठ. तो कॅथलिक पंथाचा भाग. फरार प्रोटेस्टंट होत्या, नन नव्हत्या आणि त्यांची शाळा मराठी माध्यमाची होती.

पुढच्या वेळी पोस्ट टाकताना

एवढं तपासून घ्या:

– ‘मिसेस फरार’ नाही, मिस सिंथिया फरार.

– ‘भारतातली मुलींची पहिली शाळा फरार यांनी काढली’ हे चूक. मुंबईत त्यांच्याच मिशनची मुलींची शाळा त्या येण्याआधी, १८२४ साली निघाली होती. कोलकात्यात मेरी ॲन कुक त्याही आधीपासून मुलींच्या शाळा चालवत होत्या.

– ‘मिशनऱ्यांमुळेच फुल्यांनी शाळा काढली’ हे अर्धवट. फुल्यांनी पाहिली त्यांची शाळा, पण पैसा, जागा, विरोध आणि शिकवणं हे सगळं फुले दांपत्याने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेललं.

– ‘मिशनऱ्यांचा काही संबंधच नव्हता’ हेही चूक. खुद्द फुल्यांनी नगरच्या शाळांचा उल्लेख केलेला आहे.

सिंथिया फरार ज्या कामासाठी आल्या होत्या, ते ख्रिस्ती मंडळी वाढवण्याचं काम होतं. महाराष्ट्राने त्यांना लक्षात ठेवलं ते मात्र नगरच्या एका वर्गासाठी, जो बघायला पुण्याहून एक तरुण आला होता.